काळाचौकीतले दोन डोंगर

मराठी मुलापुढे कोरा कागद ठेवून ‘काढ काहीतरी’ म्हणावं, की आधी दोन डोंगर येतात. मधून सूर्य, खाली नदी, काठाला कौलारू घर, एक वाकडा माड आणि आभाळात पसरट ‘एम’सारखे पक्षी. हिला सीनरी म्हणतात. ती कुणी मुद्दाम शिकवत नाही. देवीची लस टोचल्यासारखी पहिलीतच अंगात भिनते, आणि वण जन्मभर राहतो.

काळाचौकीत या सीनरीची जास्तच गंमत वाटते. इथल्या खिडकीतून दिसतात ती कॉटनग्रीनची धान्याची गोदामं, उभे ट्रक, उरलंसुरलं एखादं गिरणीचं धुराडं आणि चाळींच्या डोक्यावर चढत चाललेले टॉवर. शिवडीच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारो फ्लेमिंगो उतरतात, पायी जाता येईल इतक्या अंतरावर. पण चित्रातले पक्षी ‘एम’च.

शेजारच्या शाळेत चित्रकलेला नव्या बाई आल्या आहेत. तिसरीच्या वर्गात फळ्यावर काहीही काढून द्यायचं नाही, असा त्यांचा नेम आहे. आधी एक चित्रांचं पुस्तक, मग कागद. गोष्ट वाचायला त्या मला बोलावतात, कारण माझा आवाज मोठा आहे. चित्र काढायला कधी बोलावत नाहीत. बाई हुशार आहेत.

पहिलं पुस्तक लिओ लिओनीचं, १९५९ सालचं. हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या ‘फॉर्च्यून’ मासिकाचा कलासंपादक. दोन नातवंडांना घेऊन आगगाडीने घरी निघाला. पोरांनी डबा डोक्यावर घेतला, तेव्हा त्याने ‘लाइफ’ मासिकाची पानं फाडून रंगीत ठिपके केले आणि त्यांचीच गोष्ट रचली. छोटा निळा आणि छोटा पिवळा कडकडून भेटतात, हिरवे होतात आणि घरी गेल्यावर आईवडील त्यांना ओळखतच नाहीत.

बाईंनी घोटीव कागदाचे ताव वाटले आणि कात्र्या काढून घेतल्या. हातानेच फाडायचं. वर्ग एकदम चिडीचूप. कागद फाडल्याबद्दल आजवर ज्यांनी फटके खाल्ले, त्यांना बाई फाडा म्हणतात म्हटल्यावर यात नक्की काहीतरी डाव असणार! मग पहिला टर्र आवाज झाला आणि पुढची पंधरा मिनिटं कानावर हात ठेवायची वेळ आली.

एकाने मात्र हात लावला नाही. त्याचे वडील लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. तो म्हणाला, “बाई, कागदावर कागद चिकटवून हिरवा होत नाही. रंग मिसळायला लागतो. आणि त्याच्याआधी पांढरा हात मारायला लागतो.” बाईंनी विचारलं, “मग काय करू या?” तो म्हणाला, “हिरवा कागद आणा.” लिओनीनेही शेवटी तेच केलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. आधीच फार ऐटीत होता.

शेजारच्या पोराने लाल आणि भगवा ठिपका जवळजवळ चिकटवून दोघांना आइस्क्रीम दिलं होतं. लाल बावट्याच्या गिरणगावात भगवा झेंडा आला, तेव्हा मोठ्यांनी एकमेकांची डोकी फोडली. त्यांना कुणी आइस्क्रीम दिलं नसावं. एका मुलीचा हिरवा ठिपका घराच्या दारात उभा होता. “आई ओळखत नाही,” ती म्हणाली, “पण आजी ओळखते.” मूळ पुस्तकात आजी नाही. ही उणीव मला तोवर जाणवली नव्हती.

पुढे एरिक कार्लचा १९६९चा भुकेला सुरवंट आला. पानांना भोकं पाडायचं कार्लला पंचिंग मशीन चालवताना सुचलं. आमच्या सुरवंटाने वडापाव पोखरला, चिवडागल्ली पालथी घातली आणि पोटात दुखतंय म्हणून तो केसपेपर हातात धरून बाकावर बसला.

मग माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’. मजकूर त्यांचा, चित्रंही त्यांचीच. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, पण वर्गाला त्याचं काही नाही. “हिच्या घरी पण आजोबा आहेत,” एवढीच दाद आली. मग आपापली घरं काढली. एका खोलीत माळा, पाण्याचं पिंप, कपड्यांची दोरी, पलंगावर आजोबा आणि पलंगाखाली काका. भिंतीवरच्या कॅलेंडरात नखाएवढे दोन डोंगर आणि सूर्य.

“हे कुठलं रे?”

“गावचं.”

हे गाव संगमेश्वराकडलं. गिरण्यांत राबायला निम्मं कोकण इथे आलं, १९८२च्या संपाने गिरण्या बसल्या, तरी गणपतीला आणि मे महिन्यात गावाला जाणं काही सुटलं नाही. कोकणात सूर्य सह्याद्रीमागून उगवतो आणि समुद्रात बुडतो. म्हणजे सीनरीतला सूर्य अचूक सकाळचा आहे, माड बरोबर आहे, कौलंही बरोबर आहेत. मुंबईच्या खिडकीत न दिसणारं घर या पोरांनी पाठ करून ठेवलंय, एवढंच. तेव्हा सीनरीला नावं ठेवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. बाईही आता ती कुणाची खोडत नाहीत. फक्त ‘या घरात कोण झोपलंय?’ असं विचारतात आणि पोरगं पेन्सिलीला टोक करायला लागतं.

पालकांना अर्थात काळजी आहे. हे स्पर्धेला चालेल का? पुढे एलिमेंटरीला ग्रेड मिळेल का? बाई म्हणतात, स्थिरचित्र तेव्हा शिकवू, आत्ता पोरांना हलू द्या.

आता त्यांना कारखान्यातल्या त्या वडिलांना वर्गात आणून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी दाखवायची आहे. ते यायला तयार आहेत, पण गणपती झाल्यावर. सध्या मान वर करायला फुरसत नाही. तोवर चिरंजीवच वर्गाला पांढरा हात मारायला शिकवतायत. मागच्या बाकावरच्या दोघींचा हात त्यांनी अजून पास केलेला नाही.