चुकीचे योग्य मोल

जिनिव्हाच्या व्यापारबुद्धीला दाद द्यायलाच हवी. कॅसिओचे प्लास्टिकचे एफ-९१डब्ल्यू महिन्याला फार तर ३० सेकंद चुकते. ते गरिबांचे घड्याळ. जिनिव्हाच्या रोलेक्सला दिवसाला दोन सेकंद, म्हणजे महिन्याला मिनिटभर चुकण्याची अधिकृत मुभा आहे, आणि किंमत लाखांत. ओमेगाचे मास्टर क्रोनोमीटर दिवसाला पाच सेकंद पुढे जाऊ शकते, तरी बहुधा रोलेक्सहून स्वस्त विकले जाते. एवढी मोठी चूक अशी मातीमोल देणे हा निव्वळ अव्यवहार.

या न्यायाने सर्वांत महाग घड्याळ बंदच असायला हवे. सुजाण ग्राहकांनी ते ओळखले आहे. प्रतीक्षायादीत ताटकळून मिळवलेले रोलेक्स ते गुंतवणूक म्हणून थेट लॉकरमध्ये ठेवतात. तिथे ते साधारण ७० तासांत बंद पडते. वधारतो तो भाव.