विंचवाचं बिऱ्हाड रत्नागिरीत

पर्यटन म्हणजे चार दिवस घरापासून सुटका, अशी आपल्याकडे जुनी समजूत होती. मोटरहोमने ती मोडीत काढली. आता घरच बरोबर घ्यायचं: दोन पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, आणि जी भांडी घासून कंटाळा आला म्हणून बाहेर पडायचं ती भांडीही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे आपण आजवर कीव करताना म्हणत आलो. 2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि विंचवाला राजमान्यता मिळाली. धोरणाचा हेतू वाईट नाही. जिथे हॉटेल नाही तिथेही पर्यटकाने मुक्काम करावा, आणि त्यासाठी पाण्याची, विजेची, सांडपाण्याची सोय असलेले कॅराव्हॅन पार्क उभे राहावेत, असं त्यात म्हटलं आहे. पंचाईत होते ती हे बिऱ्हाड रत्नागिरीसारख्या शहरात आणि आसपासच्या किनाऱ्यावर आलं की. मोटरहोम बरोबर आणतं ते घर आणि मागतं ती जागा. कोकणात घरं हवी तेवढी आहेत. नाही ती जागाच.

जागेचंच पाहू. आपल्या मोटार वाहन नियमांत 2.6 मीटर रुंदीपर्यंतचं वाहन चालतं. एवढं घर राम आळीत शिरलं तर आळीत बाजार ठेवायचा की घर, एवढंच ठरवायचं उरेल. शहराबाहेर, गावांत शिरणारे रस्ते तर बैलगाडीच्या मापाने बेतलेले: दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर फणसाची फांदी, तिच्याखाली केबलची वायर. समोरून एसटी आली की मागे कोणी जायचं, याचा एक अलिखित नियम आहे: एसटी जात नाही. मग शेगडी, फ्रिज, संडास आणि आत आडवे झालेले आजोबा यांच्यासकट अख्खं घर रिव्हर्समध्ये मागे सरकू लागतं. गडग्यावर चढलेला कोणी अनोळखी गृहस्थ ‘येऊ दे, येऊ दे’ करत हात हलवत असतो, आणि त्याच्या ‘येऊ दे’चं ‘बस बस’ होईपर्यंत दोन चिरे खाली आलेले असतात. तो गडगा कोणाचा, यावरून दोन चुलत भावांत आधीच दावा चालू असतो. त्यात पर्यटक तिसरा पक्षकार म्हणून दाखल होतो, आणि कोकणातला दावा म्हटल्यावर पर्यटनाचा कालावधी वाढतो हे ओघाने आलंच.

रत्नागिरीत मुक्कामाची जागा सहज मिळत नाही याला इतिहासाचाही आधार आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवलं. पाहुणा राजा, यजमान साम्राज्य, तरी राजवाडा मिळायला 1910 साल उजाडलं. 24 वर्षं! आणि 1916 मध्ये राजा वारलाही. या किनाऱ्यावर विनाआरक्षण, विनाभाडं आणि बेमुदत पार्किंग मिळवून दाखवलं ते ‘बसरा स्टार’ या जहाजाने. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात भरकटलेलं हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटोही काढू लागले. मोटरहोमवाल्यांसमोर आदर्श आहे तो हा, पण त्यासाठी चक्रीवादळाची वाट पाहावी लागते.

यावर जाणकार म्हणतील, मोटरहोम शहरासाठी नाहीच, ते किनाऱ्याकिनाऱ्याने भटकण्यासाठी आहे. मान्य. गणपतीपुळ्याला जाताना आरेवारेच्या वळणावर खाली समुद्र दिसतो, तिथे गाडी थांबवावीशी कोणालाही वाटेल. वाटतं तितक्या सगळ्यांना थांबता येत नाही एवढंच. पण कोकणचा किनारा सरळ नाही, खाड्यांनी कातरलेला आहे. बॅरिस्टर अंतुल्यांनी मुख्यमंत्री असताना सागरी महामार्गाचं स्वप्न दाखवलं. ते मुख्यमंत्री होते 1980 ते 1982, त्यावरून स्वप्नाचं वय काढावं. दरम्यान जयगड ते तवसाळ आणि दाभोळ ते धोपावे ही ये-जा फेरीबोटीने होत आली, जिला इथे जंगलजेट्टी म्हणतात. म्हणजे घर चाकांवर, चाकं बोटीवर, बोट भरती-ओहोटीवर. तेवढ्याने भागत नाही म्हणून रेल्वेही आहे. कोकण रेल्वे 1999 पासून मालाने भरलेले ट्रक रुळांवरून वाहून नेते. 2025 च्या गणपतीत तिने कोलाड ते वेर्णा ही सोय मोटारींनाही दिली. मोटारीने प्रवास करायचा नसेल तर मोटारीलाच प्रवास घडवावा, ही कल्पना सुचायला महामार्गही तसाच लागतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं. त्या रस्त्यावरून फ्रिजमध्ये अंडी ठेवून निघालेल्याला पोचेपर्यंत भुर्जी तयार मिळते, ही मोटरहोमची खास सोय म्हणावी लागेल.

एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मुंबईहून निघालेल्या बाईला पुढचं स्वच्छ संडास कुठे मिळेल याचा हिशेब मनात मांडत, घोटभर पाणी कमीच पीत प्रवास करावा लागतो. तिच्यासाठी गाडीतलं संडास ही चैन नव्हे. मोटरहोमच्या बाजूचा हा सर्वात भक्कम पुरावा आहे आणि तो मोटरहोमपेक्षा रस्त्याबद्दल जास्त सांगतो. उपाय काय निघाला, तर रस्त्यावर संडास नाही म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपापलं चाकांवर घालून आणावं. याच न्यायाने खड्ड्यांवर उपाय म्हणून डिकीत डांबराचं पिंप ठेवायला सांगता येईल. एसटीतल्या बाईचं काय, हा प्रश्न जिथल्या तिथेच. शिवाय गाडीतल्या संडासाची टाकी दोन-चार दिवसांत भरते. ती कुठे रिकामी करायची, हे ठरण्याआधीच ती भरते, आणि मग अंधार पडला की रस्त्याकडेचा पऱ्या जवळचा वाटू लागतो. त्या पऱ्याच्या खालच्या अंगाला कोणाची तरी विहीर असते.

परदेशात हे चालतं ना, असं विचारलं जातं. चालतं. ऑस्ट्रेलियात केर्न्सहून मोटरहोम घ्यावं, पोर्ट डग्लसवरून डेन्ट्रीच्या जंगलाकडे जावं, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. फोटो पाहून कोकणच वाटावं. पण फोटोत गाडी येते, व्यवस्था येत नाही. तिथे कॅराव्हॅन पार्कमध्ये आखून दिलेल्या खणात गाडी लावायची, विजेची वायर ठरल्या खांबाला जोडायची, टाकी ठरल्या जागीच रिती करायची. शहरात वाटेल तिथे गाडी लावून झोपलं तर दंडाची पावती येते, आणि केप ट्रिब्युलेशनच्या पुढच्या कच्च्या वाटेवर भाड्याचं मोटरहोम न्यायला मनाई असते. तिकडचं स्वातंत्र्य असं नळ, खांब आणि पावती यांच्या आधाराने उभं आहे. आपण गाडी आणली. नळ, खांब आणि पावती मागून येतील या भरवशावर.

सर्वात वजनदार आक्षेप पर्यावरणाचा. किनाऱ्यावर सिमेंटचं रिसॉर्ट होण्यापेक्षा गाडी बरी. उद्या निघून तरी जाते. बरोबर आहे, पुळणीत रुतली नाही तर. साध्या मोटारीसुद्धा वाळूत रुततात आणि भरती चढत असताना गावातली पोरं त्या ढकलून काढतात. अख्खं घर ढकलायला तेवढी पोरं गावात उरलेली नाहीत; ती मुंबईत आहेत. मग सड्यावर लावा, तिथे मैलभर सपाट कातळ मोकळा पडला आहे, असंही सुचवतात. मोकळा दिसणारा तो कातळ मोकळा नाही. याच सड्यांवर आपल्या पूर्वजांनी कातळशिल्पं कोरून ठेवली आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटरचा. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. त्या हत्तीच्या पाठीवर मोटरहोम उभं करून, बाहेर खुर्च्या टाकून, ‘इथे बघायला काही नाही’ असं म्हणणारा पर्यटक डोळ्यांसमोर आणायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

हॉटेल नसलेल्या गावात पर्यटकाने राहायचं तरी कसं, या प्रश्नाचं उत्तर याच जिल्ह्यात आधीच मिळालेलं आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांची घरटी राखली गेली आणि 2006 पासून पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले. गावात हॉटेल नव्हतं. गावाने काय केलं, तर आपल्या घरांची दारं उघडली. पाहुणे पडवीत झोपले, घरच्यांबरोबर जेवले, आणि पैसे त्याच घरात राहिले. मोटरहोमवाला पाहुणा पाण्याचे कॅन, तांदूळ आणि नूडल्सची पाकिटं मुंबईतून भरून आणतो, आणि ‘घरगुती जेवण मिळेल’ या पाटीसमोर गाडी उभी करून स्वतःच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवतो. पाटीमागच्या घरात त्या वेळी घावन तव्यावरून उतरत असतात. गावाला त्याच्याकडून मिळते ती टाकी.

आणि खरं तर कोकणाला बाहेरून घर आणण्याची गरजच काय? चाकरमान्यांची घरं गणपतीत उघडतात, शिमग्याला उघडतात, मे महिन्यात आंब्यापुरती उघडतात. बाकी वर्षभर कुलूप. पडवीतल्या झोपाळ्यावर धूळ, न्हाणीघरात पालथा घातलेला तांब्याचा हंडा, मागे भरलेली विहीर. वर्षाला 3,000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झेलून कौलं सरकतात, वाशांना वाळवी लागते, आणि माणसाचा वावर नसल्यानेच घर लवकर पडतं हे गावातलं कोणीही सांगेल. चाकांवरची घरं उभी करायला कॅराव्हॅन पार्क, त्याला पाणी, त्याला वीज, त्याला सवलत. पायावर उभ्या असलेल्या घराला लागते फक्त किल्ली. तेव्हा रत्नागिरीला जायचा बेत असेल, तर मोटरहोमचं भाडं विचारण्याआधी ओळखीत कोणाचं घर बंद आहे का, एवढं विचारून पाहा. किल्ली मुंबईला नसते. बहुधा शेजारच्या घरात, खुंटीला असते.