गंजात विरघळलेला निर्णय : एका चहाविक्रेत्यास अनावृत पत्र

प्रति,
माननीय चहाविक्रेते,
आरोग्य शिबिराच्या मांडवासमोरील ठेला,
जिल्हा गोंदिया.

विषय : जिल्ह्यातील जनतेने किती साखर खावी, हा अवघड निर्णय जनतेला न विचारता घेतल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

साखर कमी खावी असे सांगणाऱ्यांची या देशात वानवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली ‘मुक्त साखरे’ची मर्यादा जाहीर केली. मुक्त साखर म्हणजे कारखानदाराने, स्वयंपाक्याने किंवा खाणाऱ्याने पदार्थात वरून घातलेली साखर. मध, पाक आणि फळांचा रस यांतली साखरही तीतच मोजली जाते. दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी 10 टक्क्यांहून कमी आणि शक्य असल्यास 5 टक्क्यांहून कमी ऊर्जा अशा साखरेतून मिळावी, असे संघटनेचे म्हणणे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला 25 ग्रॅमची सीमा आखून दिली, तर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याआधीच ‘आज से थोडा कम’ अशी हाक देऊन मीठ, साखर आणि तेल तिन्ही थोडे थोडे कमी करण्याचे आवाहन केले होते. या सर्व विद्वज्जनांच्या नजरेतून एक बाब मात्र निसटली. गोंदियापासून देवरीपर्यंत आणि तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत घराबाहेर प्यायल्या जाणाऱ्या चहात साखर किती असावी, हे पिणारा ठरवत नसून आपण ठरवता, आणि तेही तो ठेल्यापाशी पोहोचण्याच्या बरेच आधी ठरवून मोकळे होता. संघटना, संस्था आणि प्राधिकरण यांच्या वर असलेले हे आपले स्थान आजवर कोणी अधिकृतपणे मान्य केलेले नाही, ती उणीव या पत्राने भरून निघावी.

आपल्या कार्यपद्धतीचे वर्णन अभ्यासकांच्या सोयीसाठी येथे करणे उचित ठरेल. भट्टीवर काळवंडलेला गंज, म्हणजे उर्वरित महाराष्ट्र ज्याला पातेले म्हणतो ते भांडे, चढवले जाते. पाण्याला आधण येण्यापूर्वीच त्यात ठेचलेले आले पडते, मागोमाग चहापत्ती पडते आणि त्यानंतर डब्यातून स्टीलच्या पेल्याने साखर ओतली जाते. चमचा हे मोजमाप घरगुती आणि क्षुद्र असल्यामुळे आपल्या ठेल्यावर ते वापरात नाही. पुढे दूध, पुढे तीनचार उकळ्या, आणि मग फडक्यातून किटलीत गाळलेला तो तांबूस द्रव, ज्यातून साखर परत काढून घेण्याची विद्या रसायनशास्त्राला अवगत असली तरी ग्राहकाला नाही. ठेल्यावर वापरली जाणारी पत्ती बहुधा सीटीसी प्रकारची, म्हणजे यंत्रात चुरून, फाडून आणि वळून बारीक दाणे केलेली असते. ती फार उकळली की तिच्यातील टॅनिन ही तुरट द्रव्ये भराभर उतरतात आणि सकाळचा तोच चोथा दुपारी पुन्हा उकळला तर जीभ आखडते. हा तुरटपणा झाकण्यासाठी साखर वाढते, साखर वाढली म्हणून पत्ती वाढवावी लागते, आणि या परस्परपूरक विकासाला ‘कडक मिठी चाय’ असे नाव मिळते.

आता थोडा हिशेब. एका चहात सपाट दोन चमचे साखर धरली, आणि हे धरणे आपल्या औदार्याचा अवमान करणारे आहे, तरी ती आठ ते दहा ग्रॅम होते. सकाळी कामावर निघताना एक, दुपारी कोणी भेटले म्हणून एक आणि संध्याकाळी घरी परतताना एक, असे तीन चहा झाले की पोषण संस्थेने दिवसभरासाठी मंजूर केलेली साखर संपली किंवा संपत आली. या हिशेबात पोह्यांबरोबरची जिलेबी नाही, कोणाच्या घरी पाहुणचारात आलेला पेढा नाही, आणि घरच्या चहाचा तर प्रश्नच नाही.

या सर्वांहून अधिक बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. एखाद्याने ठेल्यावर येऊन “साखर कमी” असे म्हटले तर आपला हात थांबतो, नजर वर येते आणि बाकावर बसलेल्या चारचौघांच्या देखत प्रश्न येतो, “शुगर हाय का तुमाले?” मधुमेहाला या भागात सर्रास शुगर म्हणतात, त्यामुळे प्रश्नाचा अर्थ बाकावरच्या सगळ्यांना कळतो आणि सगळे उत्तराची वाट पाहू लागतात. उत्तर होकारार्थी असेल तर सहानुभूती मिळते, कोणाच्या तरी काकांचा पाय कसा कापावा लागला याची माहिती मिळते, आणि पाच मिनिटे थांबण्याची तयारी असेल तर वेगळ्या भांड्यात फिका चहाही मिळतो. उत्तर नकारार्थी असेल तर प्रश्नकर्त्याचे समाधान होत नाही. निरोगी माणसाने साखर कमी मागणे म्हणजे एकतर कंजुषी, नाहीतर मोठेपणा, नाहीतर लपवलेला आजार, असे तीनच निष्कर्ष ठेल्यावर उपलब्ध आहेत, आणि चौथा निष्कर्ष, म्हणजे त्याला निरोगीच राहायचे आहे, हा अजून कोणाच्या ध्यानात आलेला नाही. याचा सरळ अर्थ असा की साखर कमी करण्याचा परवाना मिळवण्यासाठी आधी रोग मिळवावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असून 13.6 कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. मधुमेहपूर्व अवस्था म्हणजे रक्तातील साखर वाढलेली आहे, पण रोगाच्या पातळीला पोहोचलेली नाही आणि वेळीच आवर घातला तर बहुधा मागे आणता येते, अशी स्थिती. या अवस्थेत सहसा काहीच दुखत खुपत नाही, त्यामुळे या 13.6 कोटींपैकी बहुतेकांना आपण त्यांत आहोत याचा पत्ता नसतो. ज्यांनी साखर कमी केल्यास सर्वाधिक लाभ होईल तेच लोक आपल्या प्रश्नाला “नाही” असे उत्तर देतात, आणि गुपचूप गोड चहा पिऊन निघून जातात.

ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले तो प्रसंग आपल्या स्मरणात असेलच, कारण त्या दिवशी किटली आपलीच होती. जिल्ह्यातील एका गावी मधुमेह व रक्तदाब तपासणीचे शिबिर भरले होते. पहिल्या मेजावर नाव लिहिले जाई, दुसऱ्यावर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला जाई आणि छोट्या यंत्रावर उमटलेला आकडा चिठ्ठीवर लिहून दिला जाई. अशा तपासणीत आकडा 140 च्या पुढे गेला की पुढील चाचणीसाठी पाठवण्याची पद्धत आहे. तिसऱ्या मेजावर आशाताई, म्हणजे गावातील आरोग्य स्वयंसेविका, समजावून सांगत होत्या की भात बेताने खावा, चालावे आणि चहातली साखर कमी करावी. चौथ्या मेजावर चहा होता. कागदी पेल्यात ओतलेला, आपल्या गंजातून आलेला, प्रत्येकासाठी सारखा, आणि त्यासोबत दोन ग्लुकोज बिस्किटे, ज्यांच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा साखर असतो. ज्यांच्या चिठ्ठीवर अडीचशेच्या वरचा आकडा होता ते वयस्क गृहस्थ चिठ्ठी खिशात घालून रांगेने चौथ्या मेजाशी आले, त्यांनी पेला घेतला, बिस्किट बुडवले, आणि सूचना देणाऱ्यांपैकी किंवा सत्कारासाठी बसलेल्यांपैकी एकाही इसमाला त्यात काही वावगे दिसले नाही. बिनसाखरेच्या चहाची एक किटली वेगळी ठेवावी, हे शिबिराच्या नियोजनात कोणालाही सुचले नाही. फलक सुचला, हार सुचले, छायाचित्रकार सुचला. ही केवळ विसंगती नाही, हा निर्लज्जपणा आहे, आणि तो आपला नाही.

किरकोळ तक्रारी थोडक्यात नोंदवून ठेवलेल्या बऱ्या. गुळाचा चहा आरोग्यदायी म्हणून विकणाऱ्यांनी गुळाचा मोठा भाग साखरच असतो हे फळ्यावर लिहायला हरकत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे झाडीपट्टीत गावोगाव भरणाऱ्या त्या जत्रेत, जेव्हा सगेसोयरे गोळा होतात आणि घराघरांतून चहाला बोलावणे येते, तेव्हा एखाद्या घरी नकार देणे म्हणजे नाते तोडणे ठरते, आणि ते दुरुस्त करणे पोषण संस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे. कचेऱ्यांतील बटण दाबून चहा देणारे यंत्र तर आपल्याहूनही निष्ठुर आहे, कारण त्याच्या भुकटीत साखर बहुधा आधीच मिसळलेली असते आणि त्याला शुगर आहे का, असे विचारण्याचे सौजन्यही नसते.

एवढे लिहिल्यावर आपल्या बाजूने जे म्हणता येते ते म्हटलेच पाहिजे, कारण ते बरेच आहे. हा जिल्हा उसाचा नव्हे, धानाचा आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पश्चिम महाराष्ट्रात साखरेभोवती अख्खे राजकारण उभे राहिले, त्या वैभवाचा वाटा येथे कधी आला नाही. येथे साखर आली ती मजुराच्या पेल्यातून. आपल्या ठेल्यावर पहाटे येणारा माणूस भातगिरणीत धानाचे कट्टे पाठीवर वाहतो, आषाढात चिखलात वाकून रोवणी करतो, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातो; त्याला ऊर्जा कमीत कमी पैशांत हवी असते, आणि एका ग्रॅमला चार किलोकॅलरी देणारी साखर त्याला ती ताबडतोब देते. लिटरभर दुधाला जे पैसे पडतात त्याहून कमी पैशांत किलोभर साखर येते, मग पेल्याचा भाव वाढवता येत नसताना दुधात पाणी आणि पाण्यात साखर वाढवण्यावाचून आपल्यापुढे दुसरा मार्ग कोणता? फिका चहा वेगळा करायचा तर वेगळे भांडे, वेगळा गॅस आणि गर्दीच्या वेळी पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांत चार गिऱ्हाईके शेजारच्या ठेल्यावर जातात.

आपल्याला दोष देणे सोपे आहे, म्हणून तो सर्वजण देतात. ज्यांना देणे अवघड आहे त्यांच्याकडेही पाहावे. अंत्योदय योजनेतील, म्हणजे गरिबांतल्या गरीब शिधापत्रिकाधारक कुटुंबाला महाराष्ट्रात महिन्याला एक किलो साखर 20 रुपयांना देण्याची तरतूद आहे. दूध देण्याची तरतूद नाही. 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांना ‘आनंदाचा शिधा’ वाटला गेला, त्यात रवा, चणाडाळ आणि पामतेलासोबत किलोभर साखर होती, कारण राज्यकर्त्यांच्या मते गरिबाचा आनंद गोडच असतो. सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली तेव्हा शीतपेयांवर 40 टक्के कर कायम ठेवून साखरेविषयीची चिंता दाखवण्यात आली आणि त्याच दमात बिस्किटे व चॉकलेटे 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणली गेली. गरिबाला साखर स्वस्त द्यायची, बिस्किट स्वस्त करायचे, दूध त्याचे त्याने बघायचे, आणि मग त्याच्याच बोटाला सुई टोचून त्याला संयम शिकवायचा, या धोरणाला जे नाव द्यावेसे वाटते ते सभ्य पत्रात लिहिता येत नाही.

तरीही ज्या हाताने पेल्यातून साखर ओतली जाते तो हात आपला आहे, आणि धोरण बदलण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा पेला अर्धा भरणे लवकर होण्यासारखे आहे. म्हणून नम्र विनंती अशी की गंजात आज पडते त्याच्या निम्मी साखर पडावी, तीही एकाएकी न करता दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी करत, कारण गोडाची सवय जिभेला लागते तशी सुटतेही, आणि दोनतीन महिन्यांत कमी गोड चहा पुरेसा गोड लागू लागतो. उरलेली साखर डब्यात ठेवून डबा बाकावर ठेवावा. कट्टे वाहणाऱ्याला हवी तेवढी तो घेईल, त्याला कोणी अडवू नये. वाचलेल्या साखरेचे पैसे दुधात घालावेत, म्हणजे चोथा झाकण्याची वेळ येणार नाही. आणि कोणी साखर कमी मागितली तर त्याला रोगाचे नाव विचारू नये. साखर जास्त मागणाऱ्याला आजवर कोणीही काही विचारलेले नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फिका चहा मागणारा एक निरोगी ग्राहक

प्रत माहितीसाठी : शिबिराचे आयोजक.
प्रत योग्य त्या कार्यवाहीसाठी : चौथे मेज.