रकानेवाले काकाजी

नागपुरात जेवढे लेआउट तेवढे काकाजी. त्यातला एक काकाजी दर लेआउटात असा असतो की, त्याच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय तिथल्या कोणत्याही पोट्ट्याचा अर्ज परदेशातल्या कंपनीपर्यंत पोचत नाही. आमचे काकाजी प्रतापनगरातले. सारी नोकरी वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये, आणि तीही कार्मिक विभागात. कोळसा त्यांनी पाहिला तो फाइलींमध्येच. माणूसही तसाच पाहिला : नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, वेतनश्रेणी, शेरा. एवढे रकाने भरले की त्यांच्या लेखी माणूस पूर्ण होतो.

रिटायर झाल्यावर काही दिवस त्यांनी पेन्शनरांचे हयातीचे दाखले भरून देण्यात काढले. मग लेआउटातले पोट्टे अमेरिका, इंग्लंड, जर्मनी करायला लागले आणि काकाजींना हवं तसं काम मिळालं. विषय एकच : परदेशात नोकरीसाठी अर्ज करताना आपला व्हिसा तात्पुरता आहे हे सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कुठे, किती, कोणत्या शब्दांत. बाकीचा अर्ज कसाही असो. पोट्टा कोणती संगणकभाषा शिकला, त्यानं कोणता प्रकल्प केला, तिकडे ते पाहतही नाहीत. स्क्रीनवर चूक दिसत नाही म्हणून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून कागद छापून आणतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि व्हिसाची ओळ शोधतात.

हे कामकाज चालतं रात्री, कारण तिकडे तेव्हा दिवस. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असतो, आणि फोनवरचं ऐकू यावं म्हणून काकाजी कूलर बंद करतात. आतून काकू ओरडतात, "तिकडे त्याले नोकरी लागेस्तोवर इकडे आमचा जीव जाईन!" काकाजी हात हलवून त्यांना गप्प करतात. बंडी घामानं ओली, मांडीवर कागद, आणि समोरच्या मोबाइलमध्ये डॅलसमधला एक केविलवाणा चेहरा.

अमेरिकेतला बायोडाटा पहिल्यांदा हातात आला तेव्हा काकाजी हादरले होते. वय नाही, फोटो नाही, बापाचं नाव नाही, लग्न झालं की नाही तेही नाही.

"मग ह्या माणसाबद्दल यात आहे तरी काय?"

"त्यानं केलेलं काम, काकाजी."

"ते तर कोणीही सांगते."

जर्मनीबद्दल मात्र त्यांचं मत चांगलं आहे. फोटो, जन्मतारीख आणि नागरिकत्व लिहायची चाल तिकडे अजून बरीच टिकून आहे. शिस्त असलेला देश, असं ते म्हणतात.

पण मुख्य मुद्दा व्हिसाचा. डॅलसच्या त्या पोट्ट्यानं नावाच्या खालीच लिहून टाकलं होतं : एफ-१ विद्यार्थी, सध्या ओपीटीवर, अमुक महिन्यापर्यंत वैध. काकाजींनी कागद मोबाइलसमोर धरला. "काहून बे, हे कपाळावर काहून छापून राहिला? तुले कोणी विचारलं होतं?" आणि ओळीवर लाल रेघ. ओपीटी म्हणजे शिक्षण संपल्यावर १२ महिने काम करायची मुभा. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी २४ महिने वाढवून मिळतात. काकाजींच्या भाषेत हा सौम्य मंगळ. पत्रिका मागितली तर दाखवायची. आल्या-आल्या चहाबरोबर सांगत सुटायचं नाही.

त्यांचं सूत्र ठरलेलं आहे. रकाना नसेल तर मजकूर नाही. रकाना असेल तर मजकूर खरा. पहिला अर्धा भाग पोरांना फार आवडतो. भांडण होतं ते दुसऱ्या अर्ध्यावरून. अमेरिकेतल्या ऑनलाइन अर्जात बहुधा दोन प्रश्न येतातच. तुम्हाला इथे काम करायची कायदेशीर परवानगी आहे का? आणि आता किंवा पुढे कधी व्हिसासाठी कंपनीची स्पॉन्सरशिप लागेल का? ओपीटीवरच्या पोराचं खरं उत्तर दोन्हीकडे 'हो' असतं, आणि दुसऱ्या 'हो'पाशी त्याची बोटं अडतात.

"काकाजी, तिथं हो म्हटलं की अर्ज कोणी वाचतच नाही. रात्री टाकला की सकाळी धन्यवाद येऊन राहते."

"येऊ दे. आज नाही लिहिशील, अन् वर्षभरानं तूच त्यांच्या दारात उभा राहशील, साहेब, माझं नाव एच-१बीच्या लॉटरीत टाका म्हणून. तवा ते मागची फाइल काढतील का नाही? मी असतो तं पहिले तेच काढलं असतं."

यात काकाजी बरोबर आहेत, हे मला कबूल करावं लागतं. एच-१बी म्हणजे तिथला नोकरीचा व्हिसा, आणि त्याच्या लॉटरीत स्वतःचं नाव स्वतः टाकता येत नाही. ते कंपनीनंच टाकावं लागतं. वर्षाला जागा ६५,०००, आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी वेगळ्या २०,०००. ज्याच्याशी खोटं बोललो त्याच्याकडेच अर्ज घेऊन जायचं, हा व्यवहार कार्मिक विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला पटणार तरी कसा?

पण सूत्र म्हटलं की पळवाट आलीच. एक पोट्टा एच-१बीवर होता आणि लाजून ते लपवत होता. काकाजी त्याच्यावर उखडले. "अबे, तुझी लॉटरी लागून गेली! नव्या कंपनीले नुसती ट्रान्सफर करायची आहे. हे तं वर लिही, ठळक अक्षरात." आता रकाना कुठे गेला, असं मी विचारलं. काकाजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी रजेचा अर्ज न देता आलो आहे. "शेऱ्याचा रकाना आपला आपण पाडायचा असते," ते म्हणाले. तेव्हापासून फायद्याची गोष्ट शेऱ्यात जाते. मँचेस्टरच्या पोरीनं ग्रॅज्युएट व्हिसाचा उल्लेखच टाळला होता. तिला त्यांनी शेरा घालून दिला : स्पॉन्सरशिपशिवाय अमुक तारखेपर्यंत पूर्ण वेळ काम करू शकते. इंग्लंडात शिकलेल्यांना हा व्हिसा दोन वर्षांचा मिळत आला आहे. २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी.वाले सोडून, दीडच वर्ष मिळणार. ही बातमी आली तेव्हा काकाजींनी वहीत नोंद केली आणि शेजारच्या तीन घरी जाऊन वाचून दाखवली. त्यातल्या दोन घरांतून अजून कोणी मुंबईलाही गेलेलं नाही.

आखाताचा कागद आला की सगळं उलटं. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे, त्यामुळे कामठीचा फिटर किंवा जरीपटक्याचा अकाउंटंट व्हिजिट व्हिसा काढून आधी तिकडे पोचतो आणि मग अर्ज करतो. तिथल्या बायोडाट्यावर व्हिसाची ओळ नसली तर मालक कागद बाजूला सारतो. मग काकाजी स्वतःच्या हातानं वर लिहितात : व्हिजिट व्हिसा, अमुक तारखेपर्यंत, ताबडतोब रुजू होऊ शकतो. खाली तंबी, "वर्क परमिट हातात आल्याशिवाय कामाले हात लावायचा नाही. फुकटची ट्रायल देऊन येशील, मंग बसशील बोंबलत."

एवढं ज्ञान असलेला माणूस स्वतः कुठे कुठे जाऊन आला असेल, असं कोणालाही वाटेल. काकाजी भारताबाहेर कुठेच गेलेले नाहीत. पोरगा मिहानमध्ये नोकरीला आहे आणि वर्धा रोडवरून रोज तेवढं जायचाही त्याला कंटाळा येतो. पुतण्या अमेरिकेत, त्याच्याकडे जायचं म्हणून काकाजी एकदा विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला गेले. सोबत एक गठ्ठा : पेन्शनची ऑर्डर, घराची विक्रीपत्रं, काटोलच्या संत्र्याच्या बगीच्याचा सातबारा, बँकेच्या ठेवी, एवढंच काय, काकूंचं मतदार ओळखपत्रही. खिडकीमागच्या साहेबानं विचारलं, कशासाठी जाताय? काकाजी म्हणाले, पुतण्याकडे. एवढ्यावर थांबायचं होतं. पण पुढे त्यांनी आपण होऊन सांगितलं की पुतण्याची बायको बाळंत होणार आहे, घरात मोठं माणूस हवं, गुडघा चांगला असला तर सहा महिने राहू, आणि तिथलं सारं पटलं तर पाहू. दोन मिनिटांत कागद हातात पडला. कलम २१४-ब. तिथला कायदा प्रत्येक पाहुण्याला कायमचा राहायला आलेलाच समजतो. तसं नाही हे पाहुण्यानं पटवून द्यायचं असतं. काकाजींनी उलटी बाजू पटवून दिली होती. सातबारा तर कोणी पाहिलाच नाही. त्यांना सर्वांत जास्त दुःख त्याचं आहे.

सूत्राचा जन्म त्या परतीच्या गाडीत झाला असावा, असा माझा अंदाज आहे.

आता काकाजींच्या दुसऱ्या फाइलीकडे येतो, कारण त्यांच्याकडे प्रत्येक पोट्ट्याच्या दोन फाइली असतात. एक नोकरीची आणि एक लग्नाची. तुळशीचं लग्न लागलं की शहरभर उपवर-वधू परिचय मेळावे सुरू होतात, आणि मेळाव्याची परिचय पुस्तिका तपासायचं काम आमच्या समाजात काकाजींकडेच असतं. जन्मवेळ, रास, नाडी, गण, उंची, पॅकेज. पुस्तिकेत व्हिसाचा रकाना नव्हता. तो त्यांनी समितीच्या बैठकीत भांडून पाडून घेतला. खजिनदारांचं म्हणणं होतं की त्यानं पान वाढेल. काकाजींनी गोत्राचं टाइप बारीक करायला लावलं.

गंमत अशी की जो व्हिसा नोकरीच्या कागदावर दडवायचा, तोच या कागदावर नावाच्या अगोदर. "यूएसए (ओपीटी)". डॅलसच्या कंपनीला जे वाचून पोराबद्दल शंका येते, तेच वाचून त्रिमूर्तीनगरची मंडळी मिठाईचा पुडा घेऊन येतात. दोन्ही कागदांची अदलाबदल होऊन एका कंपनीला नाडी आणि रास कळली, अशी गोष्ट लेआउटात सांगतात. ती साफ खोटी आहे. काकाजींच्या हातून फाइली बदलणं शक्य नाही.

अलीकडे मात्र मुलींचे बाप हुशार झाले. पूर्वी नुसतं अमेरिका म्हटलं की भागत होतं. आता ते विचारतात, ओपीटी की एच-१बी? पहिली तीन वर्षं की दुसरी? सहा वर्षं भरत आली असतील तर ग्रीन कार्डासाठीचं आय-१४० मंजूर झालं का? एका देशाला ग्रीन कार्डाच्या वार्षिक कोट्यातले सातच टक्के, मग जावईबापूंची प्रायॉरिटी डेट काय? धरमपेठेतल्या एका रिटायर्ड प्राध्यापकांनी तर मुलाची पगाराची पावती मागितली. काकाजी घरी येऊन म्हणाले, "ह्या माणसाले वेकोलित घ्यायले पाहिजे होतं." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

आणि मग सप्टेंबर २०२५ आला. १९ तारखेला नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, लागू २१ पासून, म्हणजे ऐन सर्वपित्री अमावस्येला. रुपयांत ८८ लाखांच्या आसपास. पहिले काही तास कोणालाच कळेना की हे नव्यांना आहे की जुन्यांनाही; सुटीवर आलेल्यांना कंपन्यांनी ताबडतोब परत या म्हणून कळवलं. काकाजींच्या घरी पितरांचं पान वाढलेलं, भटजी खोळंबलेले, आणि ते ओसरीवर फोन कानाला लावून एकेकाला सांगताहेत, "तुझा जुना आहे न? मंग तुले नाही. जेवून घे." ते खरं निघालं. पण त्या दिवसापासून मेळाव्यातला भाव उतरला, आणि पुस्तिकेत व्हिसाचा रकाना रिकामा ठेवायची विनंती घेऊन मुलांच्या आया येऊ लागल्या. काकाजींनी एकीलाही दाद दिली नाही. रकाना पाडला, आता तो भरला गेलाच पाहिजे.

गेल्या हंगामात एक प्रकरण आलं. पोट्टा एच-१बीवर होता, नोकरी गेली. अशा वेळी दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात; त्यात जमलं नाही, सामान बांधून परत आला. मुलगी नागपूरचीच, इंजिनिअर, श्टुटगार्टला ब्लू कार्डवर, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या परवान्यावर. काकाजींच्या ओसरीवर व्हिडिओ कॉल लागला. एका बाजूला मुलगा, त्याची आई, मधे काकाजी. कूलर अर्थातच बंद.

मुलगी सरळ मुद्द्यावर आली. "सध्या कोणत्या देशात काम करायची परवानगी आहे?"

"भारतात," मुलगा म्हणाला.

"म्हणजे इकडे आलात तर आता किंवा पुढे माझ्याच व्हिसाच्या आधारानं राहावं लागेल?"

मुलाची आई घाईनं पुढे झाली. "नाही व बाई, तसं काही नाही. त्याले तं अमेरिकेतूनच बोलावणं येऊन राहिलं..."

काकाजींनी लाल पेन आडवं धरलं. "वहिनी, तिनं विचारलं. रकाना आहे." मग पोट्ट्याकडे वळून, "हो म्हण. अन् शेऱ्यात सांग, जर्मन शिकून राहिलो."

"पण मी कुठं शिकून राहिलो, काकाजी?"

काकाजी क्षणभर थांबले आणि मोबाइलकडे वाकले. "बेटा, तो उद्या क्लास लावते. शेऱ्याचा रकाना तू परवा भर."