वायरीचे नेट गेल्यास करावयाचा विधी

संगणकाच्या कोपऱ्यातल्या पृथ्वीच्या गोलावर निषेधाची खूण उमटली, की घरातील ज्येष्ठाने प्रथम गुन्हेगार शोधावा. बिघाड नंतर शोधता येतो, तो कुठे पळून जात नाही. माणसे मात्र क्लासला, भाजीला, गच्चीवर निघून जातात. ‘कोणी काही केलं का?’ हा प्रश्न कोणाकडेही न पाहता, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारावा. सगळे ‘नाही’ म्हणतील. मग घरात साफसफाई केव्हा झाली ते आठवावे. वायरीच्या नेटला सर्वाधिक धोका दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात असतो, असे माझे ठाम मत आहे.

यानंतर मोबाईल हातात घ्यावा, त्याचा डेटा बंद करावा (नाहीतर चाचणी भलत्याच कंपनीची होते) आणि घरच्या वायफायवर काही उघडते का पाहावे. उघडले, तर बाहेरून येणारी लाईन निर्दोष सुटली. संशयित आता संगणक, त्याची वायर आणि राउटरचे ते एक भोक एवढेच. या चाचणीला अर्धे मिनिट लागते. म्हणूनच ती कोणी करत नाही आणि सगळे थेट नेटवाल्याला फोन लावतात.

आता टेबलाखाली जावे. टॉर्च न्यावा, आणि घरात सांगून जावे. संगणकाच्या पाठीमागे जिथे वायर घुसते, तिथे बहुतेक वेळा दोन बारीक दिवे असतात. एक स्थिर आणि एक लुकलुकता दिसला, तर वायर निदान जिवंत आहे. दोन्ही विझलेले असतील तर वर जाऊन सेटिंगमध्ये शिरण्यात अर्थ नाही, खालीच राहावे. घरातला तरुण वर्ग मात्र पहिल्यापासून सेटिंगमध्येच शिरलेला असतो. त्यात वाकावे लागत नाही.

वायरीच्या टोकाला पारदर्शक कनेक्टर असतो आणि त्याच्या पाठीवर प्लॅस्टिकची नखाएवढी खिट्टी. कनेक्टर आत गेला की तिचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. अनेक घरांत तो येत नाही, कारण कोणीतरी वायर हिसकली तेव्हाच खिट्टी मोडलेली असते. अशी वायर दिसते जागेवर, पण कपाटाचे दार लागले की केसभर मागे सरकते. यावर काडेपेटीची काडी खोचण्याचा उपाय सर्वत्र रूढ आहे. तो चालतोही. कनेक्टर बदलणे अधिक योग्य. मात्र आतल्या आठ तारांचा रंगक्रम दोन्ही टोकांना सारखाच राखावा. प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळा हिरव्याच्या मध्ये कशाला घुसला म्हणून तो सुधारायला जाऊ नये.

दुसऱ्या टोकाला राउटरवर बाहेरची लाईन येण्याचे भोक वेगळे, पुष्कळदा वेगळ्या रंगाचेही असते. धूळ पुसणाऱ्याला रंगसंगतीची नव्हे, पुसण्याची घाई असल्याने वायरींची अदलाबदल होते. तेवढी उलटवावी.

मग वायरीवरून सबंध हात फिरवत यावे. नियमाने ती १०० मीटरपर्यंत चालते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ही मर्यादा ओलांडणे अवघड, पण वायरमनने कोपऱ्यात सोडलेले भेंडोळे पाहता अशक्य नाही. दिवाणाच्या पायाखाली विशेष पाहावे. १००० एमबीपीएसला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे पायाखाली एखादी तार तुटली तरी नेट बहुधा बंद पडत नाही. ते मुकाट्याने शंभरावर उतरते आणि महागडा प्लॅन घेतलेला गृहस्थ वर्षभर कंपनीला शिव्या घालतो. चौघांनी काम करायचे आणि आठांचे घर चालवायचे, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की कोणाला शंकाच येत नाही.

दिवे लागले आणि तरीही नेट नाही? आता मात्र संगणकापुढे बसावे. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी (टंकायची अर्थात इंग्रजीत). पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने राउटरकडे पत्ता मागितला, कोणी दाद दिली नाही, आणि शेवटी त्याने स्वतःच एक लावून घेतला. चौकातल्या फ्लेक्सवरचे कार्यसम्राट असेच नेमले जातात. अशा वेळी राउटर बटणाने बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. पत्ता १९२.१६८ चा असूनही राउटर ओळख देत नसेल, तर भाच्याचा विचार करावा. त्याने मागे कधीतरी गेमसाठी पत्ता हाताने कायमचा बसवलेला असतो. नंतर राउटर बदलला, आकडे बदलले, संगणक जुन्याच पत्त्याला चिकटून राहिला. सेटिंगमध्ये ‘आपोआप मिळवा’ ही खूण करावी. भाच्याला भाऊबीजेपर्यंत काही बोलू नये.

राउटरच्या पाठीमागच्या सुईच्या छिद्रात सेफ्टीपिन खुपसण्याचा मोह एव्हाना अनावर झालेला असेल. खुपसू नये. त्याने सगळी मांडणी पुसली जाते, त्यात नेटवाल्याने भरलेले नाव आणि पासवर्डही जातो. तो ज्या वहीत लिहिलेला होता ती त्याच साफसफाईत रद्दीत गेली.

नेट परत आले, तरी मधल्या काळात कोणीतरी नोंदवलेली तक्रार मागे घेऊ नये. दोन दिवसांनी माणूस येईल, वायर हलवून पाहील, राउटर बंद-चालू करील आणि ‘झालं बघा काका’ म्हणेल. त्याला चहा विचारावा आणि ओटीपी द्यावा.