नवागतांच्या सेवेशी

मौजा बुटीबोरी, तालुका नागपूर (ग्रामीण), जिल्हा नागपूर येथे नोकरीने, बदलीने, गुंतवणुकीने अथवा निव्वळ दैवयोगाने दाखल झालेल्या समस्त सन्माननीय मंडळींस एका जुन्या रहिवाशाचा कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

आपले स्वागत यथाविधी व्हावे असे गावाच्या मनात फार होते. परंतु स्वागत-समितीत कोणाकोणास घ्यावे, हार कोणाच्या हस्ते घातला जावा आणि हाराची रक्कम कोणत्या खाती खर्ची पडावी, या तीन प्रश्नांचा निकाल लागेपर्यंत आपण संख्येने आमच्या बरोबरीला आलात, आणि आता कोणी कोणाचे स्वागत करावे हा चौथाच प्रश्न उपस्थित झाल्यामुळे समितीने हा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवला आहे. दरम्यान पत्रव्यवहार तरी सुरू व्हावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

आपण जेथे येऊन पोहोचलात ते गाव नागपूरच्या दक्षिणेस तीसेक किलोमीटरवर, हैदराबादकडे जाणारा हमरस्ता आणि त्यातून वर्ध्याकडे फुटणारा फाटा यांच्या बेचक्यात वसलेले आहे. १८६७ साली नागपूरला आलेली आगगाडीही याच वाटेने गेली. पण गाडी आली म्हणून गावाने आपली चाल बदलली नाही, कारण थांबणाऱ्यास चहा पाजावा आणि जाणाऱ्यास वाट दाखवावी, एवढ्या भांडवलावर फाट्यावरच्या गावाचा प्रपंच सुखाने चालतो. पुढे औद्योगिक वसाहत आली आणि जी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कपाशी पिकवीत होती तिच्यावर पॉलिएस्टरचा धागा निघू लागला. कापसाच्या मुलखात बोंडाखेरीज सूत निघावे, हा चमत्कार आम्ही अत्यंत आदराने पाहिला. त्या आदराच्या भरात आपल्या वावराचा भाव काय आला, हे विचारण्यास मात्र कोणी विसरला नाही.

त्यानंतर उद्घाटनांचे जे पर्व सुरू झाले त्याची याद आपणांस असावी. जामठ्यास २००८ साली क्रिकेटचे मैदान झाले. मार्च २०१९ मध्ये मेट्रो खापरीपर्यंत आली. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी मिहान प्रकल्पातील एम्सचे लोकार्पण, शिवमडक्याहून निघणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या शिर्डीपर्यंतच्या टप्प्याचा शुभारंभ आणि मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याची कोनशिला, अशी तीन मंगलकार्ये एका मांडवात उरकली गेली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शेजारच्या हिंगणा तालुक्यात गोधनी व लाडगाव येथील सुमारे ६९२ हेक्टरांवर ‘नवीन नागपूर’ वसविण्यास मंजुरी दिली. मेट्रोचा तो दुसरा टप्पा आमच्याच औद्योगिक वसाहतीपर्यंत यावयाचा आहे. मेट्रो येईल तेव्हा येईल. ती येणार असे सांगून प्लॉट विकण्याचे कार्य मात्र तिची वाट पाहत खोळंबलेले नाही. हमरस्त्याच्या दुतर्फा जे फलक उभे आहेत त्यांवर एन.ए. (बिगरशेती), टी.पी. (नगररचना) आणि आर.एल. (रिलीज लेटर) ही अक्षरे इतक्या भक्तिभावाने रंगविलेली आढळतात की, आमच्या गावातील एका वृद्ध बाईंनी ती कोणा संप्रदायाची बीजाक्षरे असावीत असे समजून हात जोडले.

असो. आता अर्जाच्या मूळ मुद्द्याकडे वळतो.

आमच्या नागपूर प्रांतातील मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली. मालगुजार गेले, त्यांचे वाडे पडले अथवा मंगल कार्यालये झाले. परंतु त्या अमदानीच्या वळणाची दोन दप्तरे मागे उरली, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने कलम १६१ व कलम १६५ अन्वये ती खास विदर्भाकरिता जपून ठेवली. पहिले निस्तार पत्रक, ज्यात गावच्या मोकळ्या जमिनीत गुरे कोठे चरावीत, सरपण, मुरूम, माती कोणी व किती न्यावी, याची व्यवस्था लिहिलेली असते. आणि दुसरे वाजिब-उल-अर्ज, ज्यात पाटाचे पाणी, वहिवाटीचा रस्ता आणि तळ्यातील मासळी यांविषयीचे गावचे रिवाज नमूद केलेले असतात. सातबारा हा एकट्याचा असतो. ही दोन दप्तरे साऱ्या गावाची असतात. म्हणूनच की काय, सातबाऱ्याची नक्कल काढण्यासाठी माणसे दिवस उगवण्यापूर्वी रांग धरीत, आणि या दोन दप्तरांना कित्येक वर्षांत धुळीखेरीज कोणाचा स्पर्श झालेला नाही. आपल्या आगमनानंतर मौजात अनेक नवे रिवाज रूढ झाले आहेत. ते यथावकाश वाजिब-उल-अर्जात दाखल व्हावेत, म्हणून त्यांचा मसुदा आपल्या अवलोकनार्थ सादर करीत आहे.

रिवाज पहिला, पांदणीचा. आखरावरून नाल्याकडे जाणारी जी पांदण होती ती एका लेआउटच्या पोटात गेली असून तिच्या तोंडाशी आता लोखंडी फाटक आणि खुर्चीवर एक पहारेकरी आहे. परवाच्या पावसाळ्यात आमचा गुराखी गुरे घेऊन तेथे पोहोचला, तेव्हा त्या कर्तव्यदक्ष तरुणाने त्यास अडवून समोर नोंदवही ठेवली. गुराख्यास लिहिता येईना. तेव्हा पहारेकऱ्यानेच लेखणी हाती घेऊन एकेक रकाना भरला. वाहन क्रमांक : निरंक. सोबतच्या व्यक्ती : एकोणीस. कोणाकडे जावयाचे : नाल्याकडे. भेटीचे कारण : चराई. सायंकाळी परतताना वासरू कोठेसे मागे राहिल्यामुळे बाहेर पडलेल्या व्यक्तींची संख्या अठराच भरली, आणि ती नोंद अद्याप प्रलंबित आहे. हा तरुण छत्तीसगढचा, त्याच्या घरीही दोन म्हशी. बुजलेल्या गाईला त्याने टाळूवर जीभ वाजवून ज्या सफाईने फाटकाकडे वळविले ती पाहता, नोंदवही त्याची नव्हे आणि फाटकही त्याचे नव्हे, हे गुराख्याच्याही ध्यानात आले. वाट कोणी अडविली, असे त्या दोघांना विचारले असता दोघांनीही फलकाकडे बोट दाखविले.

रिवाज दुसरा, वासाचा आणि आवाजाचा. निसर्गाच्या सान्निध्यात राहावयास मिळेल, या वचनावर आपण येथे घरे घेतलीत. परंतु निसर्ग शेण टाकतो, पहाटे चारला आरवतो, तुरीवर फवारणी झाली की चार दिवस उग्र दर्प सोडतो आणि कार्तिकात काकड्याला टाळ कुटतो, ही माहिती विक्रेत्याने आपणांस दिली नसावी. आपल्या तक्रारी रास्त आहेत. त्याचप्रमाणे आपल्या सोसायटीतील वाढदिवसाचे कर्णे मध्यरात्रीपर्यंत ऐकून आमच्या गाई दूध चोरतात, ही आमची तक्रारही आपण रास्तच मानाल. उभयपक्षी तडजोडीखातर कोंबड्याने साडेपाचपूर्वी आरवू नये आणि कर्ण्याने दहानंतर, असा ठराव मांडता येईल. कर्ण्याचे मी पाहीन, कोंबड्याचे आपण पाहावे.

रिवाज तिसरा, भाड्याचा. आणि येथे आम्हा जुन्या रहिवाशांची बाजू आपल्यापुढे उघडी मांडली पाहिजे. ज्याने हेक्टराने असलेले वावर चौरस फुटाने विकले, त्या गृहस्थाने त्या पैशांतून थोरल्याचे लग्न हजार पानांचे केले, धाकट्यास बुलेट घेतली, आणि उरल्या रकमेतून घरामागे दहा फूट बाय दहा फुटांच्या खोल्यांची चाळ ओढली. त्या खोल्यांतून गोंदियाचे, बालाघाटचे, बिहारचे कामगार राहतात. एका खोलीत चौघे, पाळीपाळीने निजणारे. हे गृहस्थ महिनाभर पारावर बसून परक्यांनी गाव कसे बुडविले यावर प्रवचन करतात, आणि पहिल्या तारखेस त्याच परक्यांच्या दारी अतिशय मृदू स्वरात उभे राहतात. चाळीच्या नळाला पाणी एक दिवसाआड येते, सांडपाणी उघड्या नालीतून पांदणीवर जाते, आणि डासांची तक्रार सर्वांआधी या गृहस्थांचीच असते. भाडे घेताना जो आपला असतो तो पाणी मागताना बाहेरचा ठरतो, हा रिवाज गावात आता इतका पक्का झाला आहे की दप्तरात लिहिला नाही तरी चालण्यासारखे आहे.

रिवाज चौथा, पोळ्याचा. पूर्वी तोरणाखाली बैलजोड्यांची रांग लागे, झडत्या रंगत, आणि मानाच्या जोडीवरून वर्षभर पुरेल एवढा तंटा होई. आता जोड्या बोटांवर मोजाव्यात अशा, आणि तंट्यालाही पुरेसे उमेदवार नाहीत. उलट दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा बघावा, तर लाकडी बैलांची गर्दी मावत नाही! आपली मुले, ज्यांच्या आजोबांनी तान्हा पोळा हे नावही ऐकलेले नसेल, चाकांच्या बैलाला झूल घालून, बेगड लावून, दारोदार बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसा, मागत हिंडतात. आणि गेल्या खेपेस सजावटीचे पहिले बक्षीस ज्या मुलीने नेले तिला अजून मराठीत धड भांडताही येत नाही. मी उपरोधाच्या शाईने हे पत्र लिहावयास बसलो खरा, पण या कलमापाशी ती शाई नीट उतरत नाही. ज्या गावाचे बैल गेले त्याचा सण परक्यांच्या लेकरांनी हाती धरला, हे मान्य केले पाहिजे.

तसे पाहता जुने आणि नवे हा वाद आम्ही फार ताणू नये, हेच शहाणपणाचे. खुद्द नागपूर हे गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वाड्या एकत्र करून वसविले आणि शेतकरी, कारागीर बाहेरून आणून त्यात नांदविले. भोसले आले, त्यांच्यामागे शिलेदार, कारकून आणि विणकर आले. आगगाडीबरोबर व्यापारी आले. फाळणीनंतर सिंधी बांधव जरीपटक्यात आले. आम्ही ज्याला वडिलोपार्जित म्हणतो तेही कोणा एका पूर्वजाचे आगंतुकपणच होय. फरक एवढाच की त्या पूर्वजाने आल्यावर गावची पट्टी भरली, नाल्याचा बांध घालण्यास खांदा दिला आणि आपल्या नावाची नोंद दप्तरात करून घेतली.

येथेच खरी मेख आहे. २०१८ साली बुटीबोरीची नगर परिषद झाली आणि ग्रामसभा गेली. ग्रामसभेत माणसे कमी येत आणि आरडाओरडा अधिक होई, हे खरे. तरी ज्याची पांदण बुजली तो उभा राहून सरपंचास तोंडावर विचारू शकत असे. आता विचारावयाचे ते मताने. आणि आपणांपैकी कित्येकांचे मत अजून नागपूर शहरात, कोणाचे गोंदियात, कोणाचे पाटण्याकडे ठेवलेले आहे; येथे फक्त आपले घर, आपला कचरा आणि आपली गैरसोय आहे. ज्या चाळीतून एकही मत पेटीत पडत नाही, तिच्या नालीवर झाकण घालण्याची घाई कोणत्या नगरसेवकास असेल? आम्ही जमीन विकून मोकळे झालो, आपण पत्ता घेऊन मोकळे झालात, आणि गाव मात्र दोघांपैकी कोणाच्याच नावे चढलेले नाही. वाढीने गाव बिघडत नाही. ज्याची जबाबदारी कोणीच घेत नाही ते बिघडते.

तरी या अर्जाद्वारे विनंती एकच. स्वागताचा हार यावयाचा तेव्हा येईल, त्याची वाट पाहू नये. मतदारयादीत नाव प्रथमच घालावयाचे असल्यास नमुना ६ आणि दुसरीकडचे नाव येथे आणावयाचे असल्यास नमुना ८ भरून द्यावा. आपल्या भाडेकऱ्याकडून तो भरून घेण्याचे काम चाळमालकांनी करावे, आणि ते करीत नसतील तर पहिल्या तारखेस भाडे देताना भाडेकऱ्याने त्यांस त्याची आठवण द्यावी. त्यानंतर पांदण, नाली आणि नळ यांविषयी नगर परिषदेच्या दारात आपण सारे मिळून जाऊ.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
मौजा बुटीबोरीचा एक जुना नवागत