हा कोणावर गेलाय?

भाऊ: ताई, इथे सही कर. पालक सोडून आणखी एक जबाबदार व्यक्ती लागते.

बहीण: कसला कागद आहे?

भाऊ: संस्कार शिबिर. मे महिन्यात, दहा दिवस, निवासी. श्लोक, सूर्यनमस्कार, मोबाइल बंद. शेवटच्या दिवशी आईवडिलांची पाद्यपूजा. सगळं मिळून साडेचार हजार.

बहीण: साडेचार हजारांत वर पायही धुऊन मिळणार? मग महाग नाही.

भाचा: बाबा, पूजेच्या वेळी मोजे तुम्ही काढायचे की मी?

भाऊ: बघितलंस? हे असं उलट बोलणं. जेवला की ताट तिथंच टाकून उठतो. काही सांगितलं की 'हो, करतो' म्हणतो आणि करत नाही. हा कोणावर गेलाय, काही कळत नाही.

वहिनी: (स्वयंपाकघरातून) मला कळतं.

भाऊ: हिच्या भावावर गेलाय.

बहीण: अस्सं. आणि परवा गणितात पंचवीसपैकी पंचवीस पडले, ते?

भाऊ: ते आपल्या घराण्यातच आहे. आजोबा पेढीवर खतावण्या लिहायचे.

बहीण: आळस?

भाऊ: मामाचा.

बहीण: उंची?

भाऊ: आपली.

बहीण: सर्दी?

वहिनी: सर्दी माझ्या माहेरची. चष्म्याचा निकाल अजून लागलेला नाही. लग्नात आम्हा दोघांनाही होता.

बहीण: (अर्ज वाचत) आळस आईकडचा, सर्दी आईकडची, उलट बोलणं आईकडचं, आणि अर्जात नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हिचं नाव कुठाय?

भाऊ: आईचं नाव लावायचा नियम १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना. हा आधीचा आहे.

बहीण: थोडक्यात वाचलास. बरं, ताट टाकून उठणं कोणाकडून आलं म्हणालास?

भाऊ: मामाकडून.

बहीण: मामा नाशिकला असतो. दिवाळीला आला होता तेव्हा सगळ्यांची ताटं त्यानंच उचलली.

आई: (जपाची माळ थांबवून) मला कसंतरीच झालं गं. सुनेच्या माहेरचा माणूस, आणि आपल्या घरात खरकटं काढतो.

बहीण: आणि आपला माणूस बसून बघतो, त्याचं काही नाही ना?

आई: तो दमून आला होता.

बहीण: कुठून? हॉलमधून?

भाऊ: हे बघ, मी घरात काही करत नाही असं नाहीये.

बहीण: मग मोजूया. सरकारही मोजतं. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलं, अर्ध्या-अर्ध्या तासानं लिहून घेतात. सहा वर्षांवरच्या सगळ्यांचं. अर्जाची मागची बाजू कोरी आहे, सांग. पहाटे चार ते साडेसहा?

भाऊ: झोप.

बहीण: साडेसहा ते सात?

भाऊ: उठलो.

बहीण: अर्धा तास?

वहिनी: ते मात्र खरं आहे, ताई.

बहीण: सात ते साडेसात?

भाऊ: चहा.

बहीण: केलास की प्यायलास?

भाऊ: प्यायलो. पण मधे दूध वर येत होतं, तेव्हा हिला हाक मारली. ते धर.

बहीण: कामात?

भाऊ: मी हाक मारली नसती तर उतू गेलं असतं!

बहीण: गॅस तुझ्यापासून किती लांब होता?

भाऊ: लांबचा प्रश्न नाही. मी पेपर वाचत होतो.

(याच्या ऑफिसात याला संकट आधी ओळखणारा माणूस म्हणून मान आहे. तिथंही तो हाकच मारत असणार.)

बहीण: पुढे. ऑफिसची वेळ सोडून दे. संध्याकाळी?

भाऊ: भाजी आणली! लिही. पंधरा मिनिटं.

वहिनी: मेथी सांगितली होती. शेपू आणली.

बहीण: असू दे, धरते. कोणती भाजी ते सरकार विचारत नाही. रात्री?

भाऊ: याचा अभ्यास घेतला.

भाचा: बाबा, तुम्ही मॅच बघत होता. मी शेजारी बसलो होतो.

भाऊ: शेजारी बसूनच तर घेतात अभ्यास.

बहीण: म्हणजे दिवसाची शिल्लक पंधरा मिनिटं, तीही शेपूची. आता ऐक. सरकारच्या २०२४ च्या त्या पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८.

भाऊ: मग मी सरासरीच्या थोडा खाली आहे, एवढंच.

बहीण: थोडा? आणि ही ८८ मिनिटं फक्त त्यांची, ज्यांनी काहीतरी केलं. ज्यांनी इकडची काडी तिकडे केली नाही ते त्यात धरलेलेच नाहीत. चारांत एखादाच पुरुष तिथवर पोचलाय. काल शेपू आणली नसतीस तर तुझी त्या ८८ जणांत... आपलं, मिनिटांत गणतीच झाली नसती.

भाऊ: आकडे काय, कसेही फिरवता येतात.

बहीण: फिरव ना. गणित आपल्या घराण्यात आहे. मला फक्त एवढं सांग, देशातल्या चारांतले तीन पुरुष कोणत्या मामावर गेले?

(वहिनीच्या हातून पळी खाली पडते. बहुधा हसण्यामुळे.)

भाऊ: म्हणून तर शिबिर! घरात जे होत नाही ते बाहेर शिकवायला नको? तुम्ही शाळेत काय शिकवता?

बहीण: शिकवते की. २०१९ मध्ये दुसरीचं नवं पुस्तक आलं, बालभारतीचं. त्यात आई आणि वडील बसून भाजी निवडतायत असं चित्र होतं. मी वर्गात ते उघडलं आणि विचारलं, काय दिसतंय? सगळा वर्ग गप्प. शेवटी एक पोरगं म्हणालं, "बाई, ते काका आजारी आहेत."

भाचा: बाबा आजारी असले तरी नाही निवडत.

भाऊ: तू आत जा.

भाचा: आत आजी आहे का? नाही ना, ती इथेच आहे. मग मी पण इथेच बसतो.

बहीण: हे उलट बोलणं मात्र माझ्यावर गेलंय. मामाच्या खात्यातून एवढं काढून टाक.

भाऊ: झालं? म्हणजे सगळा दोष माझा. मी काय आकाशातून पडलो? मला कधी कोणी सांगितलं का की ताट उचल म्हणून? आईला विचार. मी उठायला लागलो तरी 'राहू दे रे' म्हणायची.

बहीण: मला नाही म्हणाली कधी.

भाऊ: तू मोठी होतीस.

बहीण: तीन वर्षांनी. आणि माझ्या ताटासोबत तुझंही उचलायचे.

आई: आता ते सगळं कशाला उकरायचं? तेव्हा घरोघरी तसंच होतं. मुलाच्या हातात केरसुणी दिसली असती तर अख्ख्या चाळीनं मला नावं ठेवली असती.

बहीण: केरसुणीचं सोड गं आई. १९९५ मध्ये बारावीला मला याच्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते.

भाऊ: तीन वर्षांनी माझा पेपर अवघड निघाला होता.

बहीण: मला अण्णा म्हणाले, मुलीला डी.एड. बरं. सुट्ट्या मिळतात, सासरही चालवून घेतं. आणि तुला १९९८ मध्ये इंजिनीअरिंगची पेमेंट सीट. तेव्हा पैसे कुठून आले?

आई: तुझ्या लग्नासाठी साठवलेले होते, त्यातले थोडे.

बहीण: हे मला आज कळतंय.

(कोणी बोलत नाही. भाचा अर्जाची कोरी बाजू संपली म्हणून पुढची बाजू बघतो.)

भाऊ: मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. मी काय करणार होतो?

बहीण: अठरा पूर्ण झालेल्यांना मतदान करता येतं. 'ताईला विचारलं का' एवढं विचारता आलं असतं.

भाऊ: तुला शिकवायला आवडत नाही का?

बहीण: आवडतं. म्हणून तर तुमचं सगळ्यांचं फावलं.

वहिनी: चहा टाकू का सगळ्यांना?

भाऊ: (उठत) थांब, मी टाकतो.

वहिनी: नको, दूध थोडंच आहे.

बहीण: वहिनी, अगं टाकू दे की त्याला!

वहिनी: ताई, उतू गेलं तर ओटा तुम्ही पुसणार का?

भाऊ: (परत बसत) बघ! मी तयार असतो. आणि आता मी काय, पुन्हा जन्म घेऊ?

बहीण: नको बाबा. एकदा घेतलास तेव्हा वाड्यापासून स्टँडपर्यंत पेढे वाटले होते.

आई: तुझ्या वेळीही वाटली होती बर्फी. आणि बर्फी महाग होती हो तेव्हा, पेढ्यापेक्षा.

भाऊ: ऐक! महाग होती.

बहीण: किती आणली होती?

आई: आता ते कुठलं लक्षात राहायला.

बहीण: याचे पेढे किती होते?

आई: अकरा किलो.